पंचांनी दिलं, अपिलात गेलं

गटाच्या बैठकीत कायद्याचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो. ‘ताई, कोर्टात निकाल आपल्या बाजूनं लागला, म्हणजे झालं ना?’ नाही हो. निकाल लागला म्हणजे पहिली पायरी चढून झाली. हरलेला माणूस वरच्या कोर्टात जातो, त्याला अपील म्हणतात. वरचं कोर्ट काय बघतं, काय बघत नाही आणि जिंकलेला दावा तिथं कसा निसटतो, हे कळावं म्हणून आज एका बाईची गोष्ट सांगते. बाई अमेरिकेतली आहे. पण मजुरीत बाईमाणसाचा हात कसा आखडता धरला जातो, हे तुम्हाला मी सांगायला नको.

अमेरिकेच्या दक्षिणेला अलाबामा नावाचं राज्य आहे. कापसाचा मुलूख. तिथं १९३८ साली लिली यांचा जन्म झाला. घरात नळ नव्हता, वीज नव्हती. लहानपणी आजोबांच्या शेतात त्यांनी कापूस वेचला. अमेरिका म्हटलं की आपल्याला उंच इमारती दिसतात, पण कापसाच्या बोंडानं बोटं सोलून निघतात ती तिथंही. सतराव्या वर्षी लग्न झालं, त्या लिली लेडबेटर झाल्या. दोन मुलं झाली. पुढं त्यांनी नोकऱ्या धरल्या, आणि १९७९ साली, चाळिशीला आल्यावर, गॅड्सडेन गावातल्या गुडइयर कंपनीच्या टायरच्या कारखान्यात मुकादमाच्या वरच्या जागेवर लागल्या. म्हणजे एका विभागाचं काम, माणसं आणि माल सगळं सांभाळायचं. रबराचा वास, यंत्रांचा गोंगाट, रात्रपाळ्या. त्या जागेवर बहुतेक सगळे पुरुषच होते.

लागल्या तेव्हा पगार पुरुषांच्या बरोबरीचाच होता. हे लक्षात ठेवा, कारण पुढं सगळा वाद याच्यावर झाला. कारखान्यात दरवर्षीची पगारवाढ सरसकट नव्हती, वरचा साहेब काम पाहून ठरवायचा. कुणाला किती वाढ मिळाली ते कुणी कुणाला सांगायचं नाही. लिलीबाई पुढं सांगायच्या की पगाराची गोष्ट बाहेर काढायची नाही, असं त्यांना पहिल्याच दिवशी बजावलं होतं. मग काय होणार? एका वर्षी पुरुषाला थोडं जास्त, बाईला थोडं कमी. दुसऱ्या वर्षी पुन्हा तसंच. एकेका वर्षाचा फरक डोळ्यांत भरण्यासारखा नव्हता. पण पुढची वाढ मागच्या पगारावर धरली जाते, त्यामुळं फरकावर फरक चढत गेला. सावकाराच्या व्याजासारखं, फक्त उलट्या दिशेनं.

१९९८ साल उजाडलं. लिलीबाईंना कारखान्यात एकोणीस वर्षं होत आली होती. एक दिवस त्यांना एक चिठ्ठी मिळाली. खाली सही नाही, नाव नाही. चिठ्ठीत त्यांचा पगार आणि त्यांच्यासारखंच काम करणाऱ्या पुरुषांचे पगार लिहिलेले. पुढं कोर्टात जे आकडे आले ते असे: लिलीबाईंना महिन्याला ३,७२७ डॉलर. त्याच जागेवरच्या सगळ्यात कमी पगाराच्या पुरुषाला ४,२८६. सगळ्यात जास्त पगाराच्या पुरुषाला ५,२३६. म्हणजे तळातल्या पुरुषापेक्षाही बाई महिन्याला साडेपाचशे डॉलरांनी मागं, आणि वरच्यापेक्षा दीड हजारानं. आणि हे फक्त मूळ पगाराचं. जादा कामाचे पैसे त्याच्यावरच मोजले जातात, म्हातारपणची पेन्शनही त्याच्यावरच ठरते. बाई आज कमी घेते आणि मरेपर्यंत कमी घेत राहते.

लिलीबाई गप्प बसल्या नाहीत. मार्च १९९८ मध्ये त्यांनी तिथल्या सरकारी आयोगाकडे धाव घेतली. नोकरीत बाई, काळा माणूस, अमुक धर्माचा माणूस म्हणून भेदभाव झाला तर त्याची दाद हा आयोग घेतो. जुलैमध्ये रीतसर तक्रार नोंदवली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्या वेळेआधी निवृत्त झाल्या, आणि पुढच्या वर्षी, १९९९ मध्ये, त्यांनी कंपनीवर दावा ठोकला. ज्या कायद्याखाली दावा लावला तो १९६४ सालचा नागरी हक्कांचा कायदा. काळ्या लोकांच्या मोठ्या लढ्यातून तो आला, आणि त्याच्यात बायकांनाही भेदभावापासून संरक्षण मिळालं.

आता ज्युरी म्हणजे काय, ते थोडं सांगते. तिथं अशा दाव्यात न्यायाधीश एकटा निकाल देत नाही. मतदारयादीसारख्या यादीतून साधी माणसं बोलावतात. शेतकरी, नर्स, दुकानदार, कुणीही. दोन्ही बाजूंचे वकील त्यांना पारखून घेतात आणि पंच बसवतात. हे आपल्या गावपंचांसारखे नाहीत. त्यांना पार्ट्यांची ओळखदेख असून चालत नाही. साक्षीपुरावे ऐकून खरं काय घडलं ते पंच ठरवतात, आणि कायदा काय आहे ते न्यायाधीश सांगतो. मोठ्या सरकारच्या कोर्टात अशा दाव्याला सगळ्या पंचांचं एकमत लागतं. आपल्याकडंही इंग्रजांच्या काळापासून फौजदारी खटल्यात ज्युरी होती. मुंबईचा नानावटी खटला काहींनी ऐकला असेल, त्याच्यावर सिनेमेही निघाले. १९५९ साली त्यात नऊ पंचांपैकी आठ जणांनी नानावटींना निर्दोष ठरवलं, न्यायाधीशाला ते पटलं नाही, त्यानं प्रकरण उच्च न्यायालयाकडं पाठवलं आणि तिथं शिक्षा झाली. पुढं आपल्याकडं ज्युरी हळूहळू बंदच झाली. अमेरिकेत ती अजून आहे. पण नोकरीतल्या अशा भेदभावाच्या दाव्यात पंच मागायचा आणि नुकसानभरपाई मागायचा हक्क तिथंही १९९१ च्या कायद्यानं मिळाला, त्याच्या आधी नव्हता.

तर २००३ च्या जानेवारीत लिलीबाईंचा खटला पंचांपुढं उभा राहिला. कंपनीचं म्हणणं सरळ होतं: बाईचं काम कमी प्रतीचं, म्हणून पगारवाढ कमी. हे ऐकून तुमच्यातल्या कितीजणी हसल्या असतील! पण १९९६ साली चांगल्या कामाचं बक्षीस याच कंपनीनं त्यांना दिलं होतं. आणखी पुरावे आले. एका काळी त्यांचा पगार त्या जागेसाठी कंपनीनंच ठरवलेल्या किमान पगाराच्याही खाली गेला होता, हे त्यांच्या एका साहेबानं कोर्टात कबूल केलं. तिथं काम केलेल्या दुसऱ्या बायकांनीही साक्ष दिली. पुरुषांपेक्षा कमी पैशात राबवून घेतल्याचं त्यांनी सांगितलं. मला विचाराल तर या साक्षी देणाऱ्या बायकांचं काम लिलीबाईंइतकंच अवघड होतं. दावा ज्याचा असतो त्याला निदान काही मिळायची आशा असते. साक्षीदाराला फक्त वाईटपणा मिळतो.

पंचांनी लिलीबाईंच्या बाजूनं कौल दिला. राहिलेल्या पगारापोटी २ लाख २३ हजार ७७६ डॉलर, मनस्तापापोटी ४ हजार ६६२, आणि कंपनीला अद्दल म्हणून तब्बल ३२ लाख ८५ हजार ९७९ डॉलर. बेरीज केली तर पस्तीस लाखांच्या वर.

हातात मात्र त्यातलं काही आलं नाही. पहिली कात्री त्याच कोर्टात लागली. कायद्यात लिहिलेलं आहे की मनस्ताप आणि अद्दल मिळून, कंपनीत पाचशेहून जास्त माणसं असली तरी, ३ लाख डॉलरांवर द्यायचे नाहीत. कंपनी लहान असेल तर त्याहून कमी. आणि राहिलेला पगार तक्रारीच्या मागं दोन वर्षांपर्यंतचाच. न्यायाधीशानं हिशेब करून ३ लाख आणि ६० हजार, एवढं ठेवलं. पंचांना ही मर्यादा माहीत असती तर त्यांनी आकडा वेगळा मांडला असता का? सांगता येत नाही, कारण मर्यादेबद्दल पंचांना सांगायचंच नाही, असंही त्याच कायद्यात लिहिलेलं आहे. मला ही तरतूद नेहमी चमत्कारिक वाटते. साध्या माणसांना बोलवायचं, त्यांच्याकडून न्याय मागायचा, आणि तो न्याय आधीच कापून ठेवलेला आहे हे त्यांच्यापासून लपवायचं.

तरी ३ लाख ६० हजार काही थोडे नव्हते. कंपनीनं अपील केलं.

आता इथं जरा नीट ऐका. अपिलाचं कोर्ट म्हणजे पहिल्याच खटल्याचा दुसरा प्रयोग नव्हे. तिथं साक्षीदार पुन्हा येत नाहीत, पंच बसत नाहीत, नवा पुरावा मांडता येत नाही. तीन न्यायाधीश खालच्या कोर्टातले कागद वाचतात, दोन्ही वकिलांचं लेखी म्हणणं वाचतात, कधी थोडा वेळ तोंडी ऐकतात. पंचांनी खरं मानलेली गोष्ट आम्हाला खोटी वाटते, असं म्हणून त्यांना ती उलटवता येत नाही. अमेरिकेच्या राज्यघटनेतच पंचांच्या कौलाला तसं संरक्षण आहे. मग हरलेली कंपनी वर जाऊन म्हणते तरी काय? कधी ती म्हणते, न्यायाधीशानं पंचांना कायदा चुकीचा समजावला. कधी म्हणते, आणू नये असा पुरावा आत येऊ दिला. कधी म्हणते, पुरावा इतका तुटपुंजा होता की कुठल्याही शहाण्या पंचांना असा कौल देताच आला नसता. आणि कधी म्हणते, भेदभाव झाला असेल नसेल, पण बाईनं तक्रारच उशिरा केली. हा शेवटचा मुद्दा सगळ्यात बळकट असतो, कारण त्यात बाई खरी की खोटी हा प्रश्नच उरत नाही. तिथल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या अभ्यासकांनी अपिलांचे निकाल तपासून दाखवलं आहे की नोकरीतल्या भेदभावाच्या दाव्यात मालक हरून वर गेला तर निकाल पुष्कळदा फिरतो, आणि कामगार हरून वर गेला तर क्वचित फिरतो.

लिलीबाईंच्या बाबतीत कंपनीनं मुदतीवरच बोट ठेवलं. अलाबामात कायदा असा की भेदभावाची घटना घडल्यापासून १८० दिवसांत आयोगाकडं तक्रार करायची. सहा महिनेच समजा. कंपनी म्हणाली, पगार कमी ठेवायचा निर्णय त्या त्या वर्षी झाला. १९८१ चा असेल, १९९० चा असेल. बाई आल्या १९९८ मध्ये. जुनं सगळं मुदतीबाहेर गेलं. शेवटच्या सहा महिन्यांत आम्ही काही वेगळा भेदभाव केला असेल तर दाखवा. ऑगस्ट २००५ मध्ये अपील कोर्टानं हे मान्य केलं. पंचांचा कौल रद्द, दावा निकालात.

मग लिलीबाई सर्वोच्च न्यायालयात गेल्या. तिथं नऊ न्यायाधीश एकत्र बसतात. २९ मे २००७ ला निकाल आला, पाच विरुद्ध चार. लिलीबाई एका मतानं हरल्या.

पाच जणांच्या वतीनं न्यायमूर्ती सॅम्युअल अलिटो यांनी लिहिलं की पगार ठरवणं ही एक वेगळी, एकदाची घटना आहे. तिथून १८० दिवस मोजायचे. नंतरचे पगाराचे चेक म्हणजे त्या जुन्या घटनेचे नुसते परिणाम. इतक्या वर्षांनी मालकाला जुन्या निर्णयांचा जाब विचारणं बरं नव्हे, माणसं जातात, आठवणी पुसतात, म्हणून मुदत असते. खरंच, लिलीबाईंच्या एका जुन्या साहेबाचा खटल्याआधी मृत्यू झाला होता. मुदत असावी हे काही वाईट नाही. आपल्यावर कुणी वीस वर्षांपूर्वीच्या बांधावरून फिर्याद केली तर आपणही हेच म्हणू.

पण उलट बाजू न्यायमूर्ती रूथ बेडर गिन्सबर्ग यांनी मांडली. त्या वेळी त्या कोर्टात त्या एकट्याच बाई होत्या. विरोधी मत सहसा कागदावर राहतं. गिन्सबर्गबाईंनी ते भर कोर्टात वाचून दाखवलं. त्यांचं म्हणणं असं की नोकरीवरून काढलं किंवा बढती नाकारली तर ते त्याच दिवशी कळतं. पगारातला फरक तसा कळत नाही. तो थोडा थोडा वाढतो, पगार गुप्त असतात, आणि पहिल्या वर्षी शंका आली तरी एवढ्याशा फरकासाठी पुरुषांच्या कारखान्यात नवी आलेली बाई भांडण काढत नाही. म्हणून भेदभावानं ठरवलेला पगार जेव्हा जेव्हा हातात पडतो तेव्हा तेव्हा तो भेदभावच आहे.

मी याला डेअरीच्या काट्याचं उदाहरण देते. समजा दुधाचा काटा खोटा आहे, रोज पावशेर दूध कमी दाखवतो. तुम्हाला ते पाच वर्षांनी कळलं. पाच जण म्हणाले, काटा बसवला त्या दिवशी फसवणूक झाली, तेव्हाच सहा महिन्यांत यायचं होतं. चार जण म्हणाले, आज सकाळीही दूध कमीच मोजलं की! तुम्ही कुणाच्या बाजूनं आहात ते मला कळलं, पण मतं मोजली तेव्हा पाच ते पाच आणि चार ते चार.

मुदतीचा हा घोळ आपल्याला परका नाही, म्हणून मध्येच एक सांगून ठेवते. कामाच्या ठिकाणी लैंगिक छळ झाला तर २०१३ च्या आपल्या कायद्यानं तीन महिन्यांत लेखी तक्रार करायची असते. अडचण होती असं दाखवलं तर समिती कारण लिहून आणखी तीन महिने देऊ शकते. पण त्याच कलमात एक महत्त्वाची गोष्ट आहे: छळ पुन्हा पुन्हा झाला असेल तर मुदत शेवटच्या घटनेपासून मोजायची. म्हणजे आपल्याकडं या बाबतीत काटा बसवल्याचा दिवस धरत नाहीत, शेवटचं खोटं माप धरतात. समितीचा निष्कर्ष पटला नाही तर अपील ९० दिवसांत. शेतमजूर, घरकाम करणाऱ्या, लहान ठिकाणी कामाला असणाऱ्या बायकांसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती असते, तिच्याकडं जायचं.

लिलीबाईंकडं परत येऊ. गिन्सबर्गबाईंनी आपल्या मताच्या शेवटी म्हटलं होतं की आता काम संसदेचं आहे. कायद्याचा अर्थ कोर्टानं असा लावला असेल तर कायदाच स्पष्ट करा. लिलीबाई सत्तरीला टेकल्या होत्या. त्या राजधानीत जाऊन खासदारांपुढं बोलल्या, गावोगाव बोलल्या. २००७ च्या जुलैमध्ये खालच्या सभागृहात विधेयक पास झालं. २००८ च्या एप्रिलमध्ये वरच्या सभागृहात अडकलं. तिथं चर्चा पुढं न्यायला साठ मतं लागतात, तेवढी जमली नाहीत. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्यांचे यजमान चार्ल्स वारले. निवडणूक झाली, नवी संसद बसली, आणि २९ जानेवारी २००९ ला राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा यांनी सही केली. अध्यक्ष झाल्यावर त्यांनी सही केलेला तो पहिला कायदा. त्याला नावच लिली लेडबेटर यांचं आहे. त्या कायद्यानं ठरलं की भेदभावाचा प्रत्येक पगार हातात पडला की मुदत नव्यानं सुरू.

आणि हा कायदा मागच्या तारखेपासून लागू केला. कुठल्या? २८ मे २००७, म्हणजे सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाच्या आदल्या दिवसापासून. निकालच जणू पुसून टाकला. पण लिलीबाईंचा स्वतःचा दावा संपलेला होता, तो पुन्हा उघडला नाही. कंपनीकडून त्यांना एक डॉलरही मिळाला नाही. पेन्शन त्या कमी पगारावर बेतलेली होती, ती तशीच राहिली. ऑक्टोबर २०२४ मध्ये, ८६ व्या वर्षी, त्या गेल्या.

म्हणजे अपील बाईच्या मुळावरच येतं का? तसं नाही. एक आपल्याकडची हकीकत सांगितल्याशिवाय आजचं बोलणं पुरं होणार नाही.

मुंबईत मॅकिनन मॅकेन्झी नावाची जुनी जहाज कंपनी होती. तिथं ऑड्री डिकोस्टा या बाई स्टेनोग्राफर होत्या. साहेब सांगेल ते लघुलिपीत उतरवून टाइप करायचं काम. हेच काम करणारे पुरुष स्टेनोग्राफर कंपनीत होते, त्यांचा पगार जास्त. जून १९७७ मध्ये ऑड्रीबाईंची नोकरी गेली. त्याआधी नुकताच समान वेतनाचा कायदा झाला होता. १९७५ हे आंतरराष्ट्रीय महिला वर्ष, त्या वर्षी सप्टेंबरमध्ये सरकारनं अध्यादेश काढला आणि १९७६ मध्ये कायदा केला: सारख्या कामाला बाईला पुरुषाइतकाच पगार. आणि बरोबरी करायची म्हणून पुरुषाचा पगार खाली आणायचा नाही, हेही लिहून ठेवलं. आता तो कायदा २०१९ च्या वेतन संहितेत सामावला आहे. ऑड्रीबाईंनी त्याच कायद्याखाली फरक मागितला.

इथं पंच नव्हते. आपल्याकडं असा अर्ज कामगार खात्याच्या अधिकाऱ्याकडं जातो. अधिकाऱ्यानं तपासलं आणि म्हटलं, काम सारखंच आहे. पण पगार १९७५ साली कामगार संघटना आणि कंपनी यांच्यातल्या करारानं ठरलेत, म्हणून भेदभाव नाही. बघा हं, काम सारखं, पगार कमी, आणि तरी भेदभाव नाही! संघटनेनं सही केली की बाईचा हक्क संपतो, असा त्याचा अर्थ झाला. संघटनेच्या करारात बायकांचा विचार कितीसा झाला असेल, हे ज्यांनी साखर कारखान्याच्या नाहीतर सूतगिरणीच्या सभा पाहिल्यात त्यांना विचारा.

ऑड्रीबाईंनी अपील केलं. इथं अपिलाचा फायदा बाईला झाला. १९८२ मध्ये वरच्या अधिकाऱ्यानं आधीचा निर्णय फिरवला आणि फरक द्यायला सांगितलं. कंपनी मुंबई उच्च न्यायालयात गेली, एका न्यायाधीशापुढं हरली. मग तिथंच दोन न्यायाधीशांपुढं गेली, हरली. मग दिल्लीला सर्वोच्च न्यायालयात गेली.

कंपनीचं म्हणणं काय होतं? या बायका साहेबांच्या खाजगी स्टेनोग्राफर, त्यांचा वर्गच वेगळा. त्या वर्गात पुरुष नाहीतच, मग बाई म्हणून कमी दिलं असं कसं म्हणता? युक्ती चांगली आहे. खुरपणीला बायाच लावायच्या, आणि मग म्हणायचं की खुरपणीचा दरच असा आहे, बाई-पुरुषाचा प्रश्न येतो कुठं! २६ मार्च १९८७ च्या निकालात न्यायालयानं ती मानली नाही. जागेला नाव काय दिलंय ते बघू नका, रोज हातानं काम काय करतात ते बघा. कामात बारीकसारीक फरक असला म्हणून ते वेगळं ठरत नाही. त्या जागेवर फक्त बायकाच आहेत कारण कंपनीनंच तसं ठरवलंय. करार कायद्याच्या वर नाही.

शेवटी कंपनी म्हणाली, आमची आर्थिक ताकद नाही. न्यायालयानं सांगितलं, परवडत नाही म्हणून सूट, असं या कायद्यात कुठं लिहिलेलं नाही.

अपील फेटाळलं गेलं. ऑड्रीबाईंचा फरक होता ऑक्टोबर १९७६ ते जून १९७७ चा, जेमतेम साडेसात महिन्यांचा. तेवढ्यासाठी दहा वर्षं आणि पाच पायऱ्या. आकडा होता ७,१९६ रुपये ६७ पैसे.